फक्त तुऱ्यांची जबाबदारी

वेंडेल क्रॅट्झने पथकाचं काम अंगावर घेतलं ते फक्त तुऱ्यांपुरतं. पुढे हे त्याने कितीतरी जणांना सांगितलं. ऐकणारा दर वेळी सहानुभूतीने मान हलवायचा आणि जाता जाता आणखी एक काम त्याच्या गळ्यात घालून जायचा.

झालं असं, की फेब्रुवारीतल्या एका गारठलेल्या संध्याकाळी केलर्सबर्गच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये ढोल-बिगुल पथकाच्या पालकांची सभा होती. पथकाचं नाव 'रिव्हरमेन', म्हणजे नदीवरचे पुरुष. प्रत्यक्षात पथकात निम्म्याहून जास्त मुली होत्या, आणि नदीत कागदाच्या गिरणीचं पाणी सुटत असल्यामुळे तिच्या काठावर बाई-पुरुष कुणीच फिरकत नसे. पण नाव जुनं होतं आणि बदलायचं तर आणखी एक सभा घ्यावी लागली असती. मॅनेजर हर्ब लुटोव्स्कीने सांगितलं, की टोप्यांवरचे निळे तुरे हॉलच्या माळ्यावर कसर लागून चाललेत, आठवडाभरासाठी कुणाकडे कोरडं तळघर आहे का? सगळे पालक आपापल्या बुटांकडे बघू लागले. वेंडेलही बघत होता. पण त्याच्या शेजारी एमिल हॉपनर बसला होता.

एमिल म्हणजे वेंडेलचा भिंतीला भिंत लागून शेजारी. निवृत्त न्हावी. आयुष्यभर लोकांच्या मानेमागे उभं राहून बोलल्यामुळे समोरच्याला उत्तर द्यायचं असतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

"वेंडेलचं तळघर ठणठणीत कोरडं आहे," एमिल म्हणाला. "पाणीपुरवठ्याच्या हेडक्लार्कच्या तळघरात शिरायची पाण्याची काय छाती आहे?"

सगळे हसले. तुरे वेंडेलच्या तळघरात गेले. मार्च लागायच्या आत त्याच्या तळघरातला नळ थंडीने फुटला.

गावाला महिनाभर दुसरा विषय मिळाला नाही. कचेरीच्या खिडकीशी बिल भरायला येणारा प्रत्येक जण आत वाकून विचारायचा, "काय क्रॅट्झसाहेब, तळघर कसं आहे?" वेंडेलने बावीस वर्षं त्या खिडकीमागे कमावलेली अब्रू त्या पाण्यात वाहून गेली. मेव्हिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, भिजलेले तुरे अंगणातल्या दोरीवर वाळत घातले. निळा रंग उतरून खालच्या बर्फावर ठिबकत राहिला. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून म्हणाली, "कसले पक्षी मारलेत हो?"

मेव्हिस म्हणाली, "अजून मारलेला नाही. आत बसलाय पेपर वाचत."

तुरे बिघडवले म्हणून नवे मिळवायची जबाबदारी वेंडेलवर आली. त्याने ती कचेरीच्या शिस्तीत, संदर्भ-क्रमांक घालून, स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवून इतकी चोख पार पाडली, की तुरे विकणारा दुकानदार वैतागून वेळेआधीच ते पोहोचवून मोकळा झाला. तिथेच वेंडेल फसला. पुढच्या सभेत हर्ब म्हणाला, "कागदपत्रांचं काम वेंडेलला जमतं." आणि पथकासाठी घेतलेली जुनी बस त्याच्या नावावर लागली.

ही बस एका चर्चची होती. रंग पिवळाधमक. त्या राज्यात पिवळी बस फक्त शाळेला चालवता येते. वेंडेल वाहन-कचेरीत गेला. खिडकीमागे त्याच्याच वयाचा, त्याच्याच मापाचा चष्मा घातलेला एक क्लार्क बसला होता.

"बस रंगवल्याशिवाय रस्त्यावर आणता येणार नाही," क्लार्क म्हणाला.

"मग रंगवायला न्यायची कशी?"

"रस्त्यावरून नेता येणार नाही."

"म्हणजे रंग दिल्याशिवाय हलवायची नाही, आणि हलवल्याशिवाय रंग देता येत नाही."

"तो तुमचा प्रश्न झाला," क्लार्क म्हणाला, आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

वेंडेल बाहेर येऊन पायरीवर बसला. हे वाक्य तो स्वतः कितीतरी वर्षं म्हणत आला होता, अगदी ह्याच सुरात. पलीकडच्या बाजूने ते कसं लागतं, हे त्याला आज कळलं. फार वाईट लागतं.

शेवटी चर्चच्या पाद्र्याने एका रविवारी बायबलच्या शाळेची मुलं आत बसवून बस वेंडेलच्या अंगणात आणून सोडली, आणि त्या मुलांना चालत परत नेलं. आता रंग. गावातला प्रत्येक पुरुष येऊन फाटकाशी उभा राहिला आणि रंगाविषयीचं आपलं मत देऊन गेला. "ह्या थंडीत रंग धरणार नाही," असं एमिल रोज सकाळी सांगायचा आणि रोज दुपारी ब्रश घेऊन मदतीला यायचा. रंग मिळाला तो पाणीपुरवठ्याच्या गोदामातला, नळांना लावायचा करडा-हिरवा. दोन हात दिल्यावर बस एखाद्या बुडालेल्या वस्तूसारखी दिसू लागली. एमिलने वरती मोठ्या अक्षरांत 'रिव्हरमेन' लिहायला घेतलं. त्याने सुरुवात इतकी ऐसपैस केली, की शेवटचं अक्षर बाजूवर मावलं नाही. ते मागच्या दिव्याखाली लिहावं लागलं.

"लांबून कळत नाही," एमिल म्हणाला.

मे महिन्यात हर्ब लुटोव्स्कीची पाठ गेली. पाठीचं दुखणं खरं होतं, पण ते सांगताना त्याच्या तोंडावर जी शांती पसरली होती, ती वेंडेलला आवडली नाही. पाठोपाठ सभा झाली. ज्याच्या अंगणात बस उभी आहे तो मॅनेजर, असं ठरायला फार वेळ लागला नाही.

घरी येऊन त्याने मेव्हिसला सांगितलं, "एकाच उन्हाळ्याचा प्रश्न आहे."

"तुरेसुद्धा आठवड्याचेच होते," मेव्हिस म्हणाली.

खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं, पण ते कुणी बोलत नव्हतं. त्यांची मुलगी कॉरीन दहाव्या वर्षापासून रिव्हरमेनमध्ये बिगुल वाजवत होती. आता ती विशीत होती. एकविसाव्या वर्षानंतर पथकात राहता येत नाही, मग तुमचे ओठ कितीही चांगले असोत. हा तिचा शेवटचा उन्हाळा. पथक ह्याच उन्हाळ्यात बंद पडलं असतं, तर ती बिगुल पेटीत ठेवून बेकरीच्या काउंटरमागे उभी राहिली असती आणि त्याबद्दल एक शब्दही बोलली नसती. ती फारशी बोलत नसे. जे काय असेल ते तिच्या बिगुलातून यायचं, आणि ते आलं की गिरणीच्या भोंग्यालासुद्धा जरा कमीपणा वाटत असावा.

एमिलला पथकाचा सगळा इतिहास तोंडपाठ होता आणि तो न विचारता सांगायचा. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या शिपायांनी बिगुल आणि ढोल बरोबर आणले. ते वाजवायला गावातली पोरं धरली, कारण पोरं फुकट मिळायची. एमिल त्या पोरांतलाच. मंदीच्या दिवसांत ते कोळशाच्या ट्रकमधून स्पर्धेला जात. पांढरे पोशाख कोळशाने काळे होऊ नयेत म्हणून ट्रकमध्ये सगळे चड्डीवर उभे, आणि पोशाख वरती काठीला टांगलेले. दुसऱ्या युद्धानंतर राज्यात गावागणिक पथक होतं. एका वर्षी रिव्हरमेन राज्यात पहिले आले. तेव्हा गिरणी दोन पाळ्यांत चालायची. मग एकेक गाव गळत गेलं. उरलेल्या गावांतली चांगली पोरं मोठ्या शहरांतल्या मोठ्या पथकांनी उचलली.

"आम्ही कणसं पिकवायची आणि त्यांनी भाजून खायची," एमिल म्हणायचा.

स्पर्धेची गुण द्यायची पद्धतसुद्धा वेंडेलला एमिलनेच समजावली. मैदानात उतरताना प्रत्येक पथकाच्या खिशात पूर्ण गुण असतात. मग परीक्षक हातात पाटी घेऊन मुलांच्या पायांमधून फिरतात आणि सुटलेल्या सुराला, चुकलेल्या पावलाला, वाकड्या रांगेला एकेक तुकडा कापत जातात. मिळवायचं काहीच नाही. किती कमी गमावता एवढंच. वेंडेल त्यावर विचार करत राहिला. त्याला ही पद्धत ओळखीची वाटली. पन्नाशीनंतर सगळं असंच चालतं, असा त्याचा अनुभव होता.

जुलैत दौरा निघाला. मुलं बसमध्ये, वाद्यं एका भाड्याच्या ट्रकमध्ये, मेव्हिस आणि पालकांपैकी आणखी दोघी स्वयंपाकाच्या गाडीत. एमिलला कुणी बोलावलं नव्हतं. तो सकाळी डबा घेऊन बसच्या पायरीवर बसलेला सापडला.

दौऱ्याचा दिनक्रम साधा होता. कुठल्यातरी शाळेत पोहोचायचं, जिमच्या फरशीवर अंथरूण टाकायचं, थंड पाण्याने अंघोळ करायची, दिवसभर तापलेल्या गवतावर तेच तेच वळण घोटायचं, मग पांढरे बूट पुसून, पोशाख चढवून कुठल्यातरी गावाच्या फुटबॉल मैदानावर अकरा-बारा मिनिटं वाजवायचं आणि परत बसमध्ये. जेवायला बीन्स. दुसऱ्या दिवशी बीन्समध्ये सॉसेज. तिसऱ्या दिवशी, मेव्हिसच्या शब्दांत, "सॉसेजच्या आठवणीत बीन्स." मुलांचे ओठ सोलून निघाले, नाकं जळली. एक ढोलवाला रोज घरी फोन करून रडायचा आणि रोज पुन्हा रांगेत यायचा. वेंडेल हे सगळं डोळे फाडून बघत होता. आपल्या गावची पोरं आळशी आहेत, असं तो बावीस वर्षं खिडकीमागून म्हणत आला होता.

आयोवातल्या एका गावी जिम आधीच दिलेली निघाली. आत सशांचं प्रदर्शन होतं. दोन्ही भिंतींना लागून पिंजरे आणि मध्ये मोकळी फरशी.

"मी पत्र पाठवलं होतं," वेंडेल शाळेच्या माणसाला म्हणाला. "दोन स्मरणपत्रंही."

"मिळाली ना," तो माणूस म्हणाला. "सशांचं तिसरं आलं."

मुलं सशांच्या मध्ये झोपली. सकाळपर्यंत अर्धी बिगुलवाली मंडळी शिंकत होती. बिगुल ओठांना लावला की शिंक, काढला की शिंक. त्या दिवशीच्या स्पर्धेत रिव्हरमेनचा हळुवार भाग चालू असताना मागच्या रांगेत अशी एक शिंक झाली, की पाटीवाला परीक्षक दचकून मागे सरकला आणि झांजेवर आदळला. त्याने स्वतःचेही गुण कापले की नाही, हे कळलं नाही. आमचे मात्र कापले, असं एमिल बरेच दिवस सांगत होता.

पुढच्या गावी मिरवणूक होती. गावाच्या समितीने त्यांना घोडेस्वारांच्या मागे लावलं. पांढरे बूट, समोर घोडे, आणि रांग मोडायची नाही. ह्याबद्दल अधिक लिहायला नको. त्या दुपारी वेंडेल शाळेच्या नळाखाली बूट धूत बसला होता. समितीचा अध्यक्ष आभार मानायला आला आणि म्हणाला, "तुमची मुलं फार सरळ चालतात हो. काहीही झालं तरी."

"हो," वेंडेल म्हणाला. "तोच त्रास आहे."

पण कॉरीन वाजवत होती. प्रत्येक गावी कार्यक्रमाच्या शेवटाकडे बाकीचे सगळे गप्प व्हायचे, रांगा उघडायच्या आणि ती एकटी पुढे यायची. आईस्क्रीम खाणारी माणसं चमचा तोंडात तसाच ठेवून थांबायची. तेवढा वेळ वेंडेलला बूट, बीन्स, ससे, फुटका नळ, सगळं परवडल्यासारखं वाटायचं. तो मैदानाच्या कडेला उभा राहून डोळे मिटून घ्यायचा. तिचा वरचा सूर किंचित चढा लागायचा, केसभर. चाळीस बिगुलांत तो त्याला ओळखू यायचा.

इंडियानातल्या एका मैदानावर तिचं वाजवून झालं आणि निळ्या कोटातला एक उंच माणूस वेंडेलला शोधत आला. नाव स्टॅनार्ड. तो 'ग्रँड मेरिडियन'चा मॅनेजर होता. ग्रँड मेरिडियन म्हणजे दर वर्षी राष्ट्रीय अंतिम फेरीत असणारं पथक. त्यांच्याकडे तीन वातानुकूलित बस होत्या, आणि नाव प्रत्येक बसच्या बाजूवर पुरतं मावलेलं होतं.

स्टॅनार्डने आधी टोपी काढली. वेंडेलला तेव्हाच शंका आली. कचेरीतही जी माणसं आधी टोपी काढत, त्यांना हमखास काहीतरी मोठं हवं असे.

"आमच्या पहिल्या बिगुलवाल्या पोराचा जबडा मोडलाय," स्टॅनार्ड म्हणाला. "बसच्या दारात पडला. आमच्यात मोठं भोक पडलंय, मिस्टर क्रॅट्झ. तुमच्याकडची ती मुलगी ते भरू शकेल. अंतिम फेरी तीन आठवड्यांवर आली. तिचं वय काय?"

"हे तिचं शेवटचं वर्ष."

"मग तिला पुन्हा संधी नाही." स्टॅनार्ड मैदानाकडे बघत म्हणाला, "तुमची ना-हरकत लागेल. मॅनेजर म्हणून. ती तुमची कोण लागते?"

"ती आमची पहिली बिगुलवाली," वेंडेल म्हणाला. खोटं नव्हतं.

कॉरीन स्वयंपाकाच्या गाडीमागे बटाटे सोलत बसली होती. वेंडेल शेजारी उलट्या बादलीवर बसला. त्याने दुसरी सुरी घेतली आणि एक बटाटा इतका सोलला, की उरला तो गोटीएवढा.

"मेरिडियनचा माणूस आला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे. मी नाही म्हणून सांगितलंय."

"कधी?"

"आत्ता. आणि मार्चमध्येसुद्धा."

वेंडेलचा हात थांबला. "मार्चमध्ये?"

"त्यांच्या बिगुल शिकवणाऱ्याचा फोन आला होता. हिवाळ्यातल्या सरावाला ये म्हणून." ती बटाट्यावरून नजर काढत नव्हती. "फोन खिडकीशी आहे ना. तुम्ही बाहेर शिडीवर होतात, बस रंगवत. नाक निळं पडलं होतं थंडीने. एमिलकाका खालून काहीतरी सांगत होते आणि तुम्ही हो हो करत होतात. मी नको म्हणून फोन ठेवला."

तुरे, बस, वाहन-कचेरीची पायरी, घोडे, हे सगळं त्याने हिच्यासाठी केलं होतं. आणि ही त्याच्यासाठी थांबली होती. दोघं एकमेकांना आधार द्यायला म्हणून चिखलात उतरले होते, आणि दोघांनाही पलीकडे जायचं नव्हतं.

"तुला जायचं होतं का?" त्याने विचारलं.

"तुम्ही केवढं केलंत, बाबा."

"ते मी विचारत नाही."

तिने सुरी खाली ठेवली. "होतं," ती म्हणाली. मग फार हळू म्हणाली, "आहे."

"मग मला कोंडून का घातलंस ह्या बसमध्ये?" तो म्हणाला, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. मेव्हिसने गाडीतून डोकं बाहेर काढलं, दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता आत घेतलं.

ना-हरकतीवर त्याने त्याच दुपारी सही केली. कचेरीत त्याने नळजोडणीच्या हजारो ना-हरकतींवर सह्या केल्या होत्या, घाईत, वर न बघता. ही सही करायला त्याला दोनदा चष्मा पुसावा लागला. स्टॅनार्ड म्हणाला, "तुमच्यासारखे मॅनेजर विरळ."

"आमच्याकडे सगळंच विरळ आहे," वेंडेल म्हणाला.

बातमी कळल्यावर पथक सुन्न झालं. मुलं कॉरीनला टाळू लागली. आडदांड झांजवाला डेन्सिल तेवढा पुढे आला आणि म्हणाला, "जा ना. आम्ही काय, असेही हरतोच." त्याला ते सांत्वन वाटत होतं. ती पिशवी घेऊन वातानुकूलित बसकडे गेली तेव्हा एमिल तिच्या मागे बिगुलाची पेटी उचलून चालत गेला. तो रस्ताभर बोलत होता. काय बोलत होता ते कळलं नाही, पण परत आला तेव्हा पहिल्यांदाच गप्प होता.

"काय सांगितलंस तिला?" वेंडेलने विचारलं.

"ओठांना लोणी लाव म्हटलं. दुसरं काय सांगणार?"

तिच्या जागी एका घाबरट मुलाला पुढे उभं केलं. पहिल्या दिवशी तो पुढे आला, बिगुल वर केला आणि त्यातून फक्त वारा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती दया होती, आणि मुलांना ती दया आहे हे कळलं. त्यानंतर बसमध्ये गाणी बंद झाली. केलर्सबर्गहून फोन आला, की गिरणीची रात्रपाळी बंद होणार आहे आणि माजी सैनिकांचा हॉल विकायला काढलाय. एकेक करून आईबाप वाटेत गाडी घेऊन यायला लागले. "जरा घरी काम आहे," असं म्हणून ते पोराला घेऊन जायचे. वेंडेल प्रत्येकाला हात हलवून निरोप द्यायचा. रांगांमधली भोकं वाढत चालली. वळण घेताना मुलं शेजारच्याच्या जागी शेजारी नाही म्हणून अडखळायची.

"घरी जाऊ या," मेव्हिस एके दिवशी म्हणाली. "कुणी नावं ठेवणार नाही."

वेंडेलने मुलांना गोळा करून विचारलं. आपण एवढ्यावर थांबावं का? मुलं आपापल्या बुटांकडे बघू लागली. मग तो घाबरट मुलगा म्हणाला, "मिस्टर क्रॅट्झ, काल माझे पहिले चार सूर आले होते. तुम्ही ऐकले का?"

"ऐकले," वेंडेल म्हणाला.

"मग राहू ना," मुलगा म्हणाला.

ते राष्ट्रीय स्पर्धेच्या शहरात पोहोचले. प्राथमिक फेरी सकाळची. मैदान मोठं, खुर्च्या रिकाम्या, ऊन डोक्यावर. रिव्हरमेन उतरले तेव्हा इतके थोडे होते, की निवेदकाने नाव घेऊन "बाकीचे येताहेत का?" असं विचारलं, आणि ते भोंग्यावरून सगळ्यांना ऐकू गेलं. ते वाजवत गेले. परीक्षक कापत गेले. घाबरट मुलगा पुढे आला. पहिले चार सूर आले, पाचवा आला, सहावा फाटला आणि सातवा पुन्हा आला. एमिल कडेला ताठ उभा राहून रडत होता आणि ऊन फार आहे असं सांगत होता. निकालात ते शेवटून दुसरे आले. शेवटचं पथक आलंच नव्हतं.

मैदानाच्या मागे गवतावर मुलांनी पोशाख उतरवले आणि घड्या घातल्या. त्या घड्या उघडणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. भाषण करायला म्हणून वेंडेल उभा राहिला. "बूट एकदा पुसून ठेवा," एवढंच त्याला सुचलं. मुलांनी बूट पुसले.

संध्याकाळी अंतिम फेरी. वेंडेलने, मेव्हिसने आणि एमिलने वरच्या रांगेतल्या जागा धरल्या. ग्रँड मेरिडियन आत आलं आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. वेंडेलने एवढं मोठं पथक कधी पाहिलं नव्हतं. रांगा अशा हलायच्या, की माणसं चालताहेत असं वाटतच नव्हतं. मैदानच कुणीतरी हळूच फिरवतंय असं वाटायचं. एकसारखे पोशाख, एकसारख्या टोप्या, हनुवटीखालून एकसारखे पट्टे.

तिसऱ्या रांगेत डावीकडून त्याला ती सापडली. तेच खांदे, डोकं जरासं उजवीकडे कलतं. पुढच्या रांगेतल्या बाईच्या खांद्याला त्याने बोट लावलं. असं त्याने जन्मात कधी केलं नव्हतं.

"ती बघा, तिसऱ्या रांगेतली. आमची मुलगी."

बाईने बोटाच्या दिशेने नीट बघितलं. मग वळून ती अगदी प्रेमाने म्हणाली, "नाही हो. ती आमची रोंडा."

वेंडेलने हात मांडीवर ठेवला. पुन्हा शोधायला लागला. ही नाही, ती नाही. रांगा वळल्या, मिसळल्या, उघडल्या. आता कुणीच एकटं पुढे येत नव्हतं. मेरिडियनमध्ये तो भाग आठ जण मिळून वाजवायचे, एका आवाजात. त्याने डोळे मिटून तिचा चढा सूर ऐकायचा प्रयत्न केला. सूर सगळे बरोबर होते. एकही केसभर चढा नव्हता. तो तसाच डोळे मिटून बसला असताना अख्खं स्टेडियम ओरडत उठलं. कार्यक्रम संपला होता.

"दिसली का रे तुला?" एमिलने विचारलं.

"तुला?"

"मी मघापासून एका पोराकडे बघत होतो," एमिल म्हणाला. "केस कापलेत तिने, असं वाटलं मला."

मेव्हिसने पर्समधून रुमाल काढून वेंडेलच्या हातात दिला.

बाहेर बसच्या तळावर कॉरीन पळत आली. घामाने निथळत होती, टोपी काखेत. इतकी हसताना तिला वेंडेलने लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. तिने आईला मिठी मारली, एमिलला मारली आणि मग त्याच्यासमोर उभी राहिली.

"दिसले का मी?"

"तर," वेंडेल म्हणाला. "पहिल्यापासून."

"मी पहिला अर्धा भाग पाठमोरी असते. वाटलं, तुम्हाला सापडणारच नाही. शेवटच्या वळणावर वर बघितलं मी, तुमच्या बाजूला. आमच्यात तसं बघायचं नसतं. पण बघितलं."

"बघितलंस ते दिसलं ना."

"मग हात का नाही केलात?"

"हातात कॉफी होती," वेंडेल म्हणाला.

ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग पुढे होऊन तिने त्याची कॉलर सरळ केली. ती सरळच होती. "बरं," ती म्हणाली.

तिकडून शिट्टी झाली. मेरिडियनची मुलं बसकडे निघाली, सगळी एका रंगाची, एका उंचीची. कॉरीनने टोपी चढवली आणि त्यांच्यात शिरली. चार पावलांवर ती त्यांच्यातून वेगळी काढता येईनाशी झाली. तेवढ्यात त्या गर्दीतून एक हात वर आला. तो हलत नव्हता, नुसता वर होता. बसच्या दारापर्यंत ती तो हात तसाच वर धरून चालत गेली, आणि वेंडेल शेवटपर्यंत त्याच हाताकडे बघत उभा राहिला.